सासूबाईंचं लग्न आणि बारमाही टायर

हिवाळी टायर घ्यायचे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात ऑक्टोबरमध्ये निघाला आणि मी तो तिथल्या तिथे निकालात काढला. (मी निकालात काढलेले प्रश्न नंतर सिग्ने सोडवते. सिग्ने म्हणजे माझी बायको.)

गाडी मी उन्हाळ्यात घेतली होती. जुनीच, पण लाल, लांब नाकाची आणि मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या डुलुथमध्ये शहाणी माणसं असली गाडी घेत नाहीत. आमचं गाव असं उतारावर वसलंय की वरच्या आळीत हातातून सुटलेला बटाटा थेट सुपीरियर सरोवरात सापडावा. पण बंदराच्या ऑफिसात जहाजांच्या पावत्या फाडण्यात जन्म घालवलेल्या कारकुनाला एकदा तरी लाल गाडी हवी असते, हे शहाण्यांना कोण सांगणार?

"ऑरिन, हिवाळी टायर घे," सिग्ने म्हणाली.

"आहेत ते बारमाही आहेत. डिसेंबर बारा महिन्यांत येतो ना?"

"येतो. डुलुथचा डिसेंबर येत नाही."

"अगं, मागच्या चाकांवर वजन पडलं की झालं. डिकीत वाळूची पोती टाकतो. माझे वडील हेच करायचे."

"तुझे वडील दर हिवाळ्यात रस्ता सोडून खड्ड्यात जायचे."

"पण वाळूसकट जायचे!" मी म्हणालो. (वाद घालताना मी कधीकधी स्वतःलाच अडचणीत आणतो.)

पुढे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे टर्कीवर तुटून पडलेले असताना माझ्या सासूबाई, बोर्गहिल्ड, यांनी काटा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी लग्न करतेय. क्लॅरेन्स तुओमीशी."

क्लॅरेन्स म्हणजे निवृत्त दंतवैद्य. सासूबाईंची कवळी त्यांनीच बसवलेली.

"दात बसवले, आता घर बसवू म्हणतात," सासूबाई लाजत म्हणाल्या. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई लाजते तेव्हा काय सुरेख दिसते! मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऑरिन, पहिल्या लग्नाला मी बटाट्याच्या ट्रकमधून गेले होते रे. या खेपेला तुझ्या लाल गाडीतून जायचंय."

मला भरून आलं. त्या गाडीला चांगलं म्हणणारं गावात दुसरं कोणी नव्हतं.

लग्न डिसेंबरात, टेकडीवरच्या चर्चमध्ये. त्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडत होता.

"शेजाऱ्यांची गाडी मागून आणते," सिग्ने म्हणाली.

"तुझ्या आईनं माझी गाडी मागितलीय!"

निघालो. मागच्या सीटवर नवरीमुलगी: निळा झगा, केसाळ टोपी, पायात बर्फाचे बूट, मांडीवर फुलं. चढण अर्धी झाली आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. गाडीचं नाक चर्चकडे, शेपूट मात्र कुणाच्यातरी अंगणाकडे. (वाळूची पोती टाकायची राहूनच गेली होती.)

"आई," मी म्हणालो, "जरा मागे रेलून बसा. आपल्याला मागे वजन हवंय."

सासूबाई उलट ताठ बसल्या.

"सिग्ने, हा माझ्या वजनाबद्दल बोलतोय का गं?"

"नाही आई, टायरबद्दल."

"मग टायरला सांग म्हणावं!"

तेवढ्यात आम्ही मागे निघालो. मी ब्रेक दाबला. ब्रेकला ते कळलं, बर्फाला कळलं नाही. फावड्यानं बर्फ ओढणाऱ्या एका माणसानं टोपी काढून नवरीला मुजरा केला. सासूबाईंनी हात हलवला आणि हळूच म्हणाल्या, "ऑरिन, चर्च त्या बाजूला आहे."

"माहितीय, आई."

गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगाला टेकून थांबली. मग मला ऑफिसातल्या एकाचं बोलणं आठवलं, की बर्फात चढण रिव्हर्समध्ये चढावी. (ती युक्ती पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची असते. त्यानं ते सांगितलंही असेल. मी सगळं ऐकत नाही.) मी गाडी वळवली, तोंड सरोवराकडे केलं आणि रिव्हर्स टाकला. गाडी वर चढण्याऐवजी पुन्हा खाली घसरू लागली. या वेळी निदान कुठे चाललोय ते दिसत होतं.

पायथ्याशी टायरचं दुकान आहे. ते नेमकं तिथेच का काढलंय, ते त्या दिवशी उमगलं. त्याच्या आवारातल्या बर्फात आम्ही नाकापर्यंत रुतलो. मालकीण डार्लीन हात पुसत बाहेर आली.

"हिवाळी टायर?"

"लग्न," मी म्हणालो.

तिनं आत डोकावून नवरीकडे बघितलं आणि दुकानाचं दार उघडलं.

सिग्नेनं चर्चला फोन करून आम्ही कुठे अडकलोय ते कळवलं, पण निरोप क्लॅरेन्सपर्यंत पोचेल की नाही, कोण जाणे. सासूबाई हीटरजवळ स्टुलावर बसल्या होत्या.

"आई, माझं चुकलं."

"ते जाऊ दे रे. तिकडे क्लॅरेन्सला वाटेल, म्हातारीचं मन फिरलं." डोळे भरले होते. "तो घरी तर नाही ना जायचा?"

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी म्हणालो, "मी पायी जाऊन त्यांना घेऊन येतो," आणि दार उघडलं.

समोर चढणीवरून अख्खं वऱ्हाड पायी उतरत होतं! पाद्रीबुवा, हॉटडिश नावाच्या ओव्हनमधल्या भाताची कागदात गुंडाळलेली ताटं घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांत पुढे क्लॅरेन्स. शेवटचा टप्पा त्यांनी बसूनच पार केला. इच्छेनं की नाइलाजानं, ते कळलं नाही. उठले, कोटावरचा बर्फ झटकला, आत आले.

"बोर्गहिल्ड, फार वाट पाहायला लावली का गं?"

"मी केव्हाची आलेय," सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या.

टायरच्या थप्प्यांमध्ये लग्न लागलं. पाद्रीबुवा म्हणाले, "सुखात आणि दुःखात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात..." 'हिवाळ्यात' म्हणताच सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघू लागलं. पण क्लॅरेन्सनी सासूबाईंचा हात धरला, तेव्हा सिग्नेनं माझा धरला, आणि मग बराच वेळ सोडला नाही.

टायर मी त्याच आठवड्यात बसवले. चारही. गाडी घोरपडीसारखी रस्त्याला चिकटून चालू लागली. रविवारी मी आणि सिग्ने मोठ्या दिमाखात नव्या जोडप्याला जेवायला न्यायला गेलो. सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून एकेक टायर दाबून पाहिला.

"उत्तम!" त्या म्हणाल्या. "आता कशाची भीती नाही."

"मग चला!" मी किल्ली नाचवत म्हणालो.

त्यांनी ती माझ्या बोटांतून अलगद काढून घेतली.

"चला. सिग्ने, तू चालव."

मी काही बोलणार तोच पाहिलं, क्लॅरेन्स माझ्यासाठी अदबीनं दार उघडून उभे होते. मागचं.