घाडी मावशींना टिकाऊ काही चालत नाही

घाडी मावशींच्या हातात भेटवस्तू ठेवली की त्या आधी ती उलटी करतात. किंमत बघायला नाही, एक्स्पायरी डेट बघायला. डेट जवळची असली की त्यांचा चेहरा खुलतो. लांबची असली की कपाळावर आठी येते. आणि जिच्यावर डेटच नाही अशी वस्तू असली, तर देणाऱ्याने ती उचलून निमूट घरी जावं हे बरं.

"हे संपणार कधी?" त्या सरळ विचारतात. उत्तर आलं नाही तर पुढचं वाक्य ठरलेलं. "मग माका नको गो."

मावशींचं पाळणाघर नायगावच्या बीडीडी चाळीत होतं. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा लग्न करून बदलापूरला गेला. राहिलेल्या एका खोलीत मावशी आमच्यासारख्या नोकरीवाल्यांची मुलं सांभाळत. माझी ओवी सहा महिन्यांची असल्यापासून चार वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली.

आता, मुलं सांभाळणाऱ्या बाईला दिवाळीला, मुलाच्या वाढदिवसाला काहीतरी द्यावं असं कुणालाही वाटणारच. महागडं कुणाला परवडत नव्हतं, म्हणून प्रत्येक जण आपापलं डोकं चालवायचा. पाळणाघरातल्या अद्वैतच्या आईबाबांनी एकदा अद्वैतचा फोटो छापलेला मग आणला. मावशींनी तो लांब धरून बघितला.

"ह्याचं तोंड मी दिवसातून चारदा धुते," त्या म्हणाल्या. "आता चहा झाल्यावर पाचव्यांदा धुवू?"

मग परत गेला.

एका जोडप्याने पितळेचा छोटा गणपती दिला. देवाला नाही कसं म्हणणार, म्हणून ते निर्धास्त होते. मावशींनी मूर्तीला नमस्कार केला, कपाळाला लावली आणि विचारलं, "विसर्जनाचा आहे काय?" नाही म्हटल्यावर त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. "एक आहेत आधीच. दोघांचा नैवेद्य माझ्याच्याने होणार नाही. ह्यांना तुमच्याकडेच राहू दे, घरी जरा शांतता राहील." त्या जोडप्याची भांडणं आख्ख्या मजल्याला माहीत होती.

मुलांनी काढलेली चित्रं मात्र त्या घेत. चित्र काढणाऱ्याला वाटायचं, भिंतीवर लागेल. मावशी ती तेलाच्या डब्याखाली अंथरत. आठवड्यात चित्राचा तेलकट कागद होई आणि तो टाकून दुसरा येई. "चित्रकार रोज येतो माझा," त्या म्हणत. "जुना साठा कशाला?"

त्यांना आवडणाऱ्या वस्तूंचं गणित कळायला मला वर्ष लागलं. खोबरेल तेल चाले. चहा पावडर, लिंबं, अगरबत्ती, अंगाचा साबण चाले. कोथिंबिरीची जुडी आणणाऱ्या एका आईला त्यांनी आपण होऊन चहा पाजला होता. एका बाबांनी त्यांच्या मोबाइलवर परस्पर रिचार्ज मारलं, तेव्हा तर त्या कौतुकाने सगळ्यांना सांगत होत्या. "ह्याला म्हणतात देणं. जागा पण अडवत नाही आणि महिन्याने संपतं पण."

मी मूळची करमाळ्याची. आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा वडील मला घेऊन माझ्या प्रत्येक मास्तरांच्या घरी गेले होते. प्रत्येकाला टॉवेल, टोपी, नारळ. अगदी पहिलीच्या बाईंनासुद्धा साडी-चोळी. "ज्यांनी तुला हाताला धरून चालवलं, त्यांच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायचं नाही," असं ते म्हणाले. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून ओवीच्या पहिल्या दिवाळीला मी मोठ्या विश्वासाने सोलापुरी चादर घेऊन गेले.

मावशींनी ती दोन्ही बाजूंनी चाचपली. "छान आहे. धुतल्यावर विरते काय?"

"छे, मावशी," मी अभिमानाने म्हटलं. "वीस वर्षं हलत नाही ही."

"मी हलेन की गो त्याआधी," त्या म्हणाल्या. "ने परत."

मला वाईट वाटलं, ते त्यांनी ओळखलं असावं. मला बसवून पाणी दिलं. मग खोलीकडे हात करून म्हणाल्या, "बघ, ही खोली पोरांच्या मापाची. दुपारी सगळी झोपली की मला पाय ठेवायला फट शोधावी लागते. इथे एक वस्तू येऊन राहिली की एका पोराचा कोपरा गेला."

मला ते पटलं. पण त्या बाईचे माझ्यावरचे उपकार तेल-साबणाने फिटण्यातले नव्हते. दादरच्या ऑफिसातून मी कधी वेळेवर सुटले नाही. संध्याकाळी जिना चढताना माझ्यात ओवीला उचलण्याएवढंही बळ नसायचं. बाकीची मुलं कधीच गेलेली असत. मावशी एकदाही रागावल्या नाहीत. "पोर कुठे पळत नाही. तू आधी टेक," एवढंच म्हणत. दोनदा मी त्यांच्या भिंतीला टेकून झोपून गेले होते, आणि त्यांनी मला उठवलं नव्हतं. त्या नसत्या तर माझी नोकरी राहिली नसती, आणि वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेलं शिक्षण घरी बसलं असतं.

हे सगळं त्यांना एकदा नीट पोचवायचं होतं, शब्दांत नाही तर हातात. ते राहूनच गेलं. चाळीचा पुनर्विकास आला. पाळणाघर बंद झालं, आई-बाप जिथे जागा मिळेल तिथे पांगले, आम्ही काळाचौकीला भाड्याने गेलो. मावशींचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी धावत गेले, पण त्या टेम्पोत पुढे बसल्या होत्या. ओवीच्या गालाला त्यांचा हात लागला न लागला आणि टेम्पो हलला.

त्यांची शिकवण मात्र मला शाळेत उपयोगी पडली. ओवीच्या शाळेत दोन आज्या आठवड्यातून एकदा वाचनालय सांभाळायला येतात, पगार न घेता. पालकांच्या ग्रुपवर त्यांना ट्रॉफी द्यायचं ठरत होतं. मी लिहिलं, ट्रॉफीचं त्या काय करतील, एकीला पायाला लावायचं तेल द्या आणि दुसरीला तिच्या आवडीची कॉफी. ग्रुपवर मला कंजूष म्हणाले. आज्या मात्र खूश झाल्या. कॉफीवाल्या तर म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं?" मला कळलं नव्हतं, मी मावशींसारखी त्यांच्याकडे बघत राहिले होते, इतकंच.

यंदा मावशींना नव्या टॉवरमधल्या घराची चावी मिळाली. एका शनिवारी मी ओवीला घेऊन गेले. मुद्दाम काही नेलं नाही. घर बघायचं, काय कमी आहे ते हेरायचं आणि या वेळी नाही म्हणू द्यायचं नाही, असं ठरवलं होतं.

कमी सगळंच होतं. मोठा हॉल, आत बेडरूम, चकचकीत फरशी. हॉलमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची आणि मुलाने बसवून दिलेला टीव्ही. मावशी वाळल्या होत्या. त्यांनी ओवीला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मेले, केवढी झालीस."

मग आम्हाला घर दाखवलं. "इकडून तिकडे चालत जाते मी. वाटेत पायाला काही लागतच नाही," त्या म्हणाल्या. कौतुकाने म्हणाल्या की कसं, ते मला कळेना.

"मावशी, आता तर जागा आहे," मी म्हटलं. "पडदे घ्या, कपाट घ्या, काय हवं ते सांगा. नाही म्हणायचं नाही."

त्यांनी ओवीचा हात हातात घेतला.

"देशील?"

"सांगा तर."

"हिला दुपारपुरती इथे ठेवून जा. मी जेवायला वाढीन, झोपवीन. संध्याकाळी येऊन ने. आधी न्यायचीस तशी."

मी ओवीकडे बघितलं. ती लगेच म्हणाली, "पण मी आता दुपारी झोपत नाही, मावशी. मी दुसरीत आहे."

"झोपू नको," मावशी म्हणाल्या. "आडवी तर होशील?"

मी निघाले. दादरला जाऊन उगाचच भाजी घेतली, फुलांच्या गल्लीतून दोनदा फिरले. अशी रिकामी दुपार मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती, आणि तिचं काय करायचं तेही सुचत नव्हतं.

परत आले तेव्हा टॉवरच्या त्या बंद दारांच्या रांगेत एकच दार उघडं होतं. आत फरशीवर सतरंजी. एवढा हॉल मोकळा असून दोघी भिंतीशी चिकटून, कडेच्या एवढ्याशा पट्टीत आडव्या झालेल्या. मावशी कुशीवर होत्या, तोंड थोडं उघडं, श्वास संथ. ओवी टक्क जागी, कोपरावर डोकं टेकवून. दुसऱ्या हाताने ती मावशींच्या पाठीवर थोपटत होती.

माझी पिशवी वाजली तशी तिने रागाने माझ्याकडे बघितलं.

"हळू," ती कुजबुजली. "आत्ता कुठे झोपलीय."

मी भाजी दाराबाहेरच ठेवली, चपला काढल्या आणि ओवीच्या पलीकडे जाऊन आडवी झाले.