व्यायामाआधीचं रक्त

शिखरजीच्या पर्वतावर यात्रेला जायचं की नाही, हे माझ्या रक्तावर ठरणार होतं. चंदनबालेनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, यात्रेचा ध्यास घेतलेला. मला मात्र पर्वताचं नाव काढलं तरी धाप लागायची (सांगलीत, खुर्चीत बसल्याजागी).

माझी भाची ब्राह्मी हृदयाची डॉक्टर. ती म्हणाली, "मामा, ट्रेडमिलच्या आधी आणि नंतर तुमचं रक्त घेऊ. हृदयावर ताण आला की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात वाढतं. किती वाढतंय, ते बघू."

मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला. निवृत्त होईपर्यंत कराडच्या कॉलेजात पोरांच्या परीक्षा घेतल्या. स्वतः तयारीशिवाय परीक्षेला कसा बसणार? तपासणीच्या दिवशी पहाटेच उठलो आणि कुणाला न सांगता गच्चीच्या जिन्यावर सराव सुरू केला. वर, खाली, वर, खाली. उजाडेपर्यंत बनियन पिळून काढण्याजोगा झाला.

दुपारी दवाखान्यात पहिलं रक्त दिलं. रिपोर्ट हातात घेऊन ब्राह्मी लगबगीनं आली.

"मामा, झोपा. हलू नका."

"अजून ट्रेडमिलवर चढलोसुद्धा नाही."

"तेच तर. काही न करता एवढं वाढलंय. छातीत दुखतंय का?"

तिनं विचारल्याबरोबर दुखायला लागलं. (मी सूचनेबरहुकूम वागणारा माणूस.) अंगाला वायरी चिकटवल्या गेल्या. मी सोबत आलेल्या चंदनबालेचा हात धरून कपाटाची किल्ली कुठं असते ते सांगू लागलो.

"मला ठावं हाय, मीच ठेवते," ती म्हणाली. मग ब्राह्मीकडं वळली. "अगं, पहाटंपासनं हे जिन्यावर वर-खाली करत होते. मला वाटलं, टाकीत पाणी आलंय का बघाय जातायत."

ब्राह्मीनं माझ्याकडं बघितलं. "मामा?"

"सराव," मी पुटपुटलो.

"पहिलं रक्त विश्रांतीतलं पाहिजे असतं. तुम्ही पेपर घरीच सोडवून आलात की."

तरी संध्याकाळपर्यंत तिनं मला झोपवून ठेवलं. चार-आठ दिवस आराम करायला लावून पुन्हा रक्त, पुन्हा ट्रेडमिल, पुन्हा रक्त. या खेपेला सगळं जिथल्या तिथं.

"हृदय ठणठणीत आहे. खुशाल पर्वत चढा."

"बरं झालं," चंदनबाला म्हणाली. "मी आपली भीतीनं ह्यांच्यासाठी डोली सांगून ठेवलेली."

माझा जीव भांड्यात पडला. "मग राहू दे की. सांगितलीच आहेस, तर मोडायची कशाला?"

"मोडतंय कोण? आवं, माझे गुडघे कुठं ठणठणीत हायत? डोलीत मी बसते. तुमी माझी काठी घेऊन शेजारनं चाला."