शब्द आला तसा घ्या

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा भरली. विषय, पाण्याची नवी मोटर. रक्कम, दर फ्लॅटमागे साडेसातशे रुपये. हजर, बारापैकी नऊ. सेक्रेटरी या नात्याने नोटीस मी लिहिली होती : ‘प्रत्येकाने साडेसातशे रुपये भरावेत.’ ती वाचून होते न होते तोच तिसऱ्या मजल्यावरचे उजागरे सर उभे राहिले.

“देवरे, रकमेबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या जागेबद्दल आहे.”

“जागेबद्दल?”

“क्रियापदाला खेटून कोणाला बसवलंत? साडेसातशेला. तिथं बसतो त्याच्यावर जोर येतो. आता सगळे साडेसातशेवर भांडणार बघा.”

तळमजल्यावरचे पगार काका खरोखरच “पाचशेत होतंय की” म्हणत होते. सर म्हणाले, “असं लिहा : साडेसातशे रुपये प्रत्येकाने भरावेत. रक्कम पुढे गेली, म्हणजे ती ठरलेली. जोर प्रत्येकावर.”

“सर, मी तळमजल्यावर राहतो. मला कुठं पाणी वर चढवायचंय?” पगार काका म्हणाले.

“म्हणूनच प्रत्येकाने.”

मी नोटीस बदलली. आठवड्याभरात सगळे पैसे जमा झाले. हा सरांच्या ग्रीकचा प्रताप, की मी रोज संध्याकाळी बारा दारं वाजवत होतो त्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

होय, ग्रीकचा. सरांनी सगळी नोकरी चर्चचे पाळक होऊ पाहणाऱ्या मुलांना बायबलातल्या नव्या कराराची ग्रीक शिकवण्यात काढली. मी सातपूरच्या एका कंपनीत हिशेब बघतो. मला ग्रीकमधलं एक अक्षर येत नाही. पण सरांचा शेजारी म्हणून जे कानावर पडलं ते एवढं : ग्रीक शब्दाला मराठीसारखाच प्रत्यय असतो, त्यावरून तो कर्ता की कर्म हे कळतं. मग तो वाक्यात कुठंही बसू शकतो. “पण कुठंही बसत नाही, हीच तर गंमत!” असं म्हणताना सर जिन्याच्या पायरीवर थांबतात. मागचा माणूस भाजीच्या पिशवीसकट अडकतो.

“गोष्ट सरळ चालली असेल, तर ग्रीकमध्ये बहुधा क्रियापद पुढे. ‘गेला पेत्र होडीकडे.’ झालं, गोष्ट सरकली. पण पेत्राला पुढे आणलं, ‘पेत्र गेला’, की लेखक सांगतोय, आता बाकीच्यांना सोडा, याच्याकडे बघा. नाहीतर सांगतोय, दुसरा कोणी नाही, हाच! यातलं कुठलं ते मागचंपुढचं वाचून ओळखायचं.”

“आणि ओळखता नाही आलं तर?”

“तर गप्प बसायचं. बरेच विद्वान तेही करत नाहीत.”

पेठ, सुरगाणा, चांदवडकडून आलेली त्यांची मुलं हमखास एकच चूक करायची. ग्रीक वाक्य दिसलं की आधी त्याचे शब्द उचलून मराठीच्या क्रमात लावायची आणि मग अर्थ सांगायची. सर तळहात वर करायचे. “हलवू नका. शब्द आला तसा घ्या. पुढचा येईपर्यंत थांबा.” त्यांचे जुने विद्यार्थी आता मोठमोठ्या मंडळ्यांचे पाळक आहेत. दारात “सलाम सर” म्हणतात आणि सरांचा हात नुसता नमस्कारासाठी उचलला गेला, तरी बोलायचे थांबतात.

दारावर कांदे घेऊन येणारी नामपूरची सखूबाई मात्र त्या हाताला जुमानत नाही. “कांदा चांगला शे,” असं ती तिच्या अहिराणीत म्हणाली, की सर विचारणार, “आणि चांगला शे कांदा, असं कधी म्हणतेस?” ती तराजू खाली ठेवून घ्यायचंय का तेच विचारते. “सर, लेवानं शे का नुसतं आयकानं शे?”

मार्थाबाई, म्हणजे सरांच्या मिसेस, पदर तोंडाला लावून हसायच्या. “ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे आधी वाक्य मांडून घ्यावं लागतं हो. तोवर राग निघून जातो.”

गेल्या वर्षी मार्थाबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं तुटलं. शब्द शिल्लक राहिले, पण एकेक करून येतात, दोन शब्दांमध्ये चहा गार होईल एवढा वेळ जातो. पुण्याची मुलगी रूथ फार जीव लावणारी, पण घाईची. तिने ठरवलं, आईला कायमचं आपल्याकडे न्यायचं. उपचार तिकडे चांगले. घर दोन खोल्यांचं, म्हणून बाबांनी तूर्त इथेच राहायचं. सर म्हणाले, “तिचं बरं होत असेल तर ने.” स्वतःबद्दल त्यांनी शब्द काढला नाही. उजागरे सरांनी एखाद्या विषयावर शब्द काढला नाही, हे बारा फ्लॅटांत पहिल्यांदाच घडत होतं.

न्यायच्या दिवशी खुर्ची खाली उतरवायला मला बोलावलं. बॅगा भरलेल्या होत्या. रूथ आईला चप्पल घालत होती. सर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

“ह्यांचं…” मार्थाबाई म्हणाल्या.

“बाबांचं जेवण ना? डबा लावलाय गं आई,” रूथ म्हणाली.

सर वळले. तळहात वर.

मार्थाबाईंचे ओठ हलत राहिले. खाली गाडीवाल्याने हॉर्न दिला.

“कोण…”

“कोण करेल? अगं, धुण्याभांड्याला बाई लावलीय. दर रविवारी मी फोन—”

“रूथ,” सर म्हणाले. हात तसाच.

मी खुर्चीची मूठ धरून उभा होतो. मलाही दोन-तीन शब्द सुचत होते, ते गिळले. मार्थाबाईंनी डावा हात खुर्चीच्या काठावर घट्ट दाबला.

“ऐकेल?”

रूथने आईच्या पायातली चप्पल तशीच अर्धवट सोडली आणि फरशीवर बसली. मग हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “खरंय गं आई. मी तर दोन मिनिटं नाही ऐकू शकत यांचं.”

सरांनी मोठी बॅग पलंगावर घेतली, चेन उघडली आणि मार्थाबाईंच्या साड्या एकेक करून कपाटात परत ठेवू लागले. घड्या नीट जमत नव्हत्या. मार्थाबाई त्याकडे बघत होत्या. रूथने मोबाइल काढला आणि नाशिकमध्येच घरी येऊन उपचार करणारं कोणी मिळतं का, ते शोधायला लागली.

सरांनी खिशातून एक नोट काढून माझ्या हातात दिली. मी खाली गेलो. पुण्याचे साडेचार हजार ठरले होते. गाडीवाल्याला आल्याचे आणि थांबल्याचे पाचशे दिले.