बंद पेटी तटाबाहेर ठेविली त्याची हकीकत

श्रीगणराय प्रसन्न. विघ्नेही ज्याची आणि निवारणही ज्याचेच, त्यास आधी वंदून लिहितो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, आणि संवत्सर नावास जागले. संगणकांचे एक खुले राज्य होते. तेथील रीत ऐसी की, यंत्रात जे लिहिले ते रयतेने वाचावे, खोट दिसल्यास दुरुस्त करावी, आणि जिचे पोट उघडून पाहता येत नाही ऐसी पेटी गडात आणू नये. हा कायदा राज्यकर्त्या दर्याबाईसाहेब यांनी स्वतः केला. आणि त्यांचीच लेक सगुणाबाई परमुलखी धावण्याचे शर्यतीस उतरली, आणि शर्यतीचे चालते चित्र परक्या कोठीने कुलूप घालून धाडिले, आणि किल्ली बंद पेटीत ठेविली. कैक वर्षे लेक दृष्टीस नाही, शर्यत त्याच सांजेस, आणि कायदा आपलाच. बाईसाहेब बहुत कष्टी जाहल्या. वृद्ध कारभारी रंगो त्र्यंबक अडून बसले. म्हणाले, "आज पेटी आत घ्याल, उद्या पेटीवाला सांगेल घरात दिवा कधी लावायचा." बोलले ते खरे, म्हणोन अधिकच झोंबले.

मग राज्याची पॅकेजे, म्हणजे संगणकी कामांची गाठोडी, बांधणारे विसाजी यांस बोलाविले. त्यांनी अर्ज केला, "पेटीस आपली भाषा येत नाही, शेजारच्या राज्याची येते. तटाबाहेर शेजाऱ्याच्या विटांचे घर उभारू. पेटीस वाटेल, आपण घरीच आहो. त्या घरातून गडात वाट म्हणोन ठेवीत नाही."

"आणि मी?"

"आपणांस बाहेर यावे लागेल, बाईसाहेब."

मग बांधणी मांडिली आणि मोडली, कारण पेटीने ओटा मागितला. ओटा दिला आणि पुन्हा मोडली, कारण ओट्यास चुनाही शेजाऱ्याचाच पाहिजे. चुना आणिला आणि पेटीने घर जुने म्हणोन तोंड फिरविले. ऊन उतरले, विसाजी पुन्हा पाया खणू लागले, तो रंगो त्र्यंबक धोतर खोचून पुढे आले. "कायदा मोडत नाही ना? मग शेजाऱ्याच्या नव्या विटा मी हाती देतो," म्हणाले. आणि शर्यत सुटता सुटता पेटी बोलली, चित्राचे कुलूप उघडले.

बाईसाहेब पायी वेशीबाहेर आल्या, घोंगडीवर बसल्या. परंतु कोठीवाल्यांचा नेम ऐसा की, परक्या घरास चित्र पुसट द्यावे. धावणाऱ्या दिसतात, तोंडे दिसत नाहीत. विसाजी खाली मान घालून म्हणाले, "यापुढे माझा इलाज नाही." बाईसाहेब मात्र पुढे वाकल्या.

"ती. डावे कोपर बाहेर टाकते ती. लहानपणी किती रागावले, कोपर आत घे म्हणून." मग डोळ्यांस पदर लाविला. "बरे झाले, ऐकले नाही."

सगुणाबाई चौथ्या आल्या. कायदा राहिला, तट राहिला, आईने लेक ओळखिली. जाहले ते लिहिले; चूक दिसल्यास वाचणाराने दुरुस्त करावी, हीच त्या राज्याची रीत.