आठवा मासा

शुक्रवारी दुपारी सव्वाबाराला गौरजाचा फोन वाजला. पलीकडे तारकर्लीचे शंकर तांडेल होते आणि त्यांच्या मागे भांड्यांचा, खुर्च्या सरकवण्याचा आवाज येत होता.

“गौरा खंय गावतली गो?” त्यांनी एकदम विचारलं.

“मीच बोलतंय, काका. घराकडेच आसंय.”

“तू न्हय. मासो.”

“कसलो मासो?”

“गौरा. हंय चार टेबलांवर पावणे बसले आसत आणि चारय टेबलांवर गौरा फ्राय मागतत. भिंतीवर तूच काढलंस ना? मगे ती खंय गावता, ताय तूच सांग.”

गौरजाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. 

ही भिंत म्हणजे तिची पहिली खरी ऑर्डर होती. कलेचा डिप्लोमा घेऊन मालवणला परतल्याला तिला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत तिने शिंपल्यांवर, ओढण्यांवर, नारळाच्या करवंट्यांवर चित्रं काढली होती. होड्यांवर नावं रंगवली होती. लोक “काय हात आसा गो तुझो,” असं म्हणायचे आणि तेवढं म्हणून वस्तू पिशवीत घालून घेऊन जायचे. मोल विचारायचं कुणाच्या मनात येत नसे आणि सांगायचं तिच्या तोंडून निघत नसे.

तिचे वडील हरिश्चंद्र कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांत एकही खोटी नोंद त्यांच्या हातून झाली नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. त्यांनी ओळखीने कुडाळच्या एका पतपेढीत तिची मुलाखत ठरवली होती, सोमवारी सकाळी अकराची. “चित्रां काय, रविवारचीय काढूक येतत,” असं त्यांचं मत होतं.

गौरजाने त्यावर एकच उपाय केला होता. त्यांना न सांगता ती उद्योजकांच्या तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आली. तिथल्या सरांनी सांगितलेली तीन वाक्यं तिने वहीत अधोरेखित करून ठेवली होती: प्रत्येक कामावर आपलं नाव ठळक टाका, गिऱ्हाइकाने मागितलं त्याहून थोडं जास्त द्या, तक्रार आली की त्याच दिवशी जागेवर जा. आणि सगळा घोटाळा झाला होता तो तिने ही वाक्यं तंतोतंत पाळल्यामुळे.

शंकरकाकांना त्यांच्या होमस्टेच्या जेवणघरात भिंतभर मासे हवे होते. दोन ओळी, एकेका ओळीत चार, आणि प्रत्येकाखाली वळणदार अक्षरांत नाव. यादी त्यांनी फोनवर सांगितली. पापलेट, सुरमई, बांगडा, हलवा, तांबोशी, मोरी, बोंबील, इथवर आले आणि रेंज गेली. त्यानंतर ते एका लग्नाला मुंबईला गेले आणि त्यांचा फोन लागेना. भिंतीवर खालच्या ओळीतली शेवटची जागा रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते.

तेव्हा गौरजाने, थोडं जास्त द्यावं म्हणून, आठवा मासा मनानेच काढला. निळी पाठ, केशरी पोट, कल्ल्यांवर सोनेरी रेघा आणि डोळ्यांत किंचित लाजल्याचा भाव. इतका देखणा मासा तिच्या हातून आजवर उतरला नव्हता. त्याखाली कोपऱ्यात तिने ठळक सही केली: गौरा. उरलेला रंग तोच होता, ब्रशही तोच. वळणही अर्थात तेच.

तक्रार आली होती, म्हणजे त्याच दिवशी जागेवर जायला हवं होतं. तिने स्कूटर काढली.

जेवणघरात शिरताच शंकरकाकांची बायको सुगंधा हिने तिला हाताला धरून भांडी घासायच्या मोरीपाशी नेलं.

“माझी चूक झाली गो,” ती हळू आवाजात म्हणाली. “बुधवारी पयल्यांदा एका बायेन इचारल्यान, गौरा आसा काय. माका वाटला, ह्येंनी कायतरी नवीन ठरवल्यानी. नाय कशी म्हणतलंय? मी म्हटलंय, आज संपली.”

“मगे?”

“मगे काय. संपली म्हटल्यार लोकांका वाटला, म्हणजे बरीच आसतली. दुसऱ्या दिवशी ते साडेअकराकच येवन बसले.”

शंकरकाका घाम पुसत आले. सकाळी ते बंदरावर लिलावात जाऊन फोनमधला फोटो दाखवून आले होते. मासे विकणाऱ्या बायका पोट धरून हसल्या होत्या.

“काका, आठवो मासो कुठचो सांगलेलास तुम्ही?” गौरजाने विचारलं.

“आठवो मासो नव्हतोच. आठवी सोलकढी.”

गौरजाने भिंतीवरच्या आठव्या माशाकडे एकदा पाहिलं. 

“मी आत्ता पुसून टाकतंय,” शेवटी ती म्हणाली आणि पिशवीतून पांढऱ्या रंगाचा डबा काढला. पण ती भिंतीपाशी पोचायच्या आत कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक गृहस्थ उठले. ते नाशिकचे, बँकेतून निवृत्त झालेले. शेजारी त्यांच्या सौभाग्यवती.

“अहो, हे काय करताय? आम्ही काल परत जाणार होतो. हिच्यासाठी एक दिवस वाढवलाय आम्ही.”

गौरजाने श्वास घेतला. खरं सांगून टाकावं, म्हणजे सुटेल, असं तिने ठरवलं. “काका, असा मासा नाहीये. मी तो मनाने काढलाय. आणि गौरा हे माशाचं नाव नाही, ती माझी सही आहे.” पुरावा म्हणून तिने आपलं कार्ड पुढे केलं. त्यावर छापलं होतं: गौरा आर्ट्स, मालवण.

गृहस्थांनी चष्मा वर करून कार्ड वाचलं आणि बायकोकडे दिलं. “बघ, किती छान. माशावरून नाव ठेवलंय.”

“माझं नाव गौरजा आहे हो. म्हणून गौरा.”

“आमच्या ओळखीत एक मीनाक्षी आहे,” बाई समजूतदारपणे म्हणाल्या.

मग ते गृहस्थ शंकरकाकांकडे वळले. “तुम्ही लोक चांगला मासा घरी ठेवता आणि आम्हाला बांगडा वाढता, हे आम्हाला माहीत आहे. चालेल. पण उद्याच्या दोन गौरा आमच्या नावावर लिहून ठेवा.”

दाराशी महादू बसला होता. सत्तरीचा, उभी हयात समुद्रात काढलेला. शंकरकाकांनी आशेने त्याच्याकडे पाहिलं. “महादू, तूच सांग ह्येंका. असो मासो आसा काय?”

महादूने भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. एवढी माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत, असं त्याच्या आयुष्यात फारसं झालं नव्हतं.

“माझ्या बापाशीन धरलेली एकदा,” तो म्हणाला. “वर्साक एकदाच येता. काटो एकच.”

शंकरकाकांनी कपाळाला हात लावला. नाशिकच्या बाईंनी ‘काटा एकच’ हे वहीत लिहून घेतलं.

गौरजा त्या दिवशी घरी गेली ती भिंत तशीच ठेवून. वडिलांनी विचारलं, “खंय गेललंस?” ती म्हणाली, “कामाक.” त्यांनी मुलाखतीचा अर्ज पुढे सरकवला. “हेच्यावर सही कर.” ती म्हणाली, “उद्या करतंय.” जेवताना ताटात बांगडा होता, तो तिच्याने गिळवेना.

तिची खरी धास्ती रविवारची होती. शंकरकाकांनी आजूबाजूच्या सहा होमस्टेवाल्यांना भिंत बघायला बोलावलं होतं. आवडली तर सहाही भिंती तिच्या. त्या सहा ऑर्डरी हातात घेऊनच ती वडिलांना सांगणार होती, की मी कुडाळला येत नाही. आणि आता त्या सहाजणांसमोर शंकरकाका सांगणार, की हिने भिंत रंगवली आणि माझं गिऱ्हाईक भडकलं.

शनिवारी सकाळी तिला एक युक्ती सुचली. ती तारकर्लीला गेली आणि सहीच्या आधी बारीक ब्रशने एक शब्द घातला: चित्रकार. आता भिंतीवर स्पष्ट दिसत होतं, चित्रकार गौरा. यात गैरसमजाला जागाच नव्हती. तिला दोन दिवसांत प्रथमच बरं वाटलं.

पावणेएकला सुगंधाचा फोन आला. “कोल्हापूरचे लोक इलेसत. म्हणतत, साधी गौरा नको, चित्रकार गौरा आसली तर दी. मोठी आसता काय गो ती?”

रविवारी गौरजा अकरा वाजताच जाऊन उभी राहिली. सहा होमस्टेवाले आले, हात पाठीमागे बांधून भिंतीसमोर रांगेत थांबले. त्यातला प्रीतम, सगळ्यांत मोठ्या होमस्टेचा मालक, आठव्या माशापुढे जास्तच वेळ थांबला.  तेवढ्यात अंगणात सरकारी जीप येऊन उभी राहिली.

माशांच्या खात्यातले एक साहेब उतरले. कुणीतरी फोटो मोबाइलवर सगळीकडे फिरवला होता आणि खाली ‘दुर्मीळ मासा, वर्षातून एकदाच’ असं लिहिलं होतं. त्यावर कुणा निसर्गप्रेमीने तक्रार केली होती. रविवार बुडाल्यामुळे साहेब आधीच वैतागलेले होते. ते सरळ भिंतीपाशी गेले.

“हा मासा कोणी काढला?”

महादू दारातून नाहीसा झाला. शंकरकाका भिंतीकडे बघत राहिले. गौरजा पुढे झाली.

“मी काढला, साहेब.”

साहेबांनी तिला नखशिखांत पाहिलं. “तुम्ही? कधी काढला?”

“गेल्या सोमवारी.”

“कुठे?”

“इथेच.”

“एकटीने?”

“हो. साडेतीन तास लागले. शेपटीला जरा त्रास झाला.”

“एवढ्या किनाऱ्याजवळ?” साहेबांनी वही काढली. “जाळं कुठलं वापरलंत?”

“जाळं नाही, साहेब. ब्रश.”

साहेबांचं पेन थांबलं. मग त्यांना कळायला आणखी थोडा वेळ लागला. कळल्यावर ते खुर्चीत बसले. “म्हणजे हा मासा नाहीच?”

“नाही.”

“मग तसं लेखी द्या. मला फाइल बंद करायची आहे.”

शंकरकाकांनी बिलाचं पुस्तक पुढे केलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, “बिलाच्या चिटोऱ्यावर सरकारी जबाब लिहीत नाहीत.”

हरिश्चंद्र आले होते. अर्जावर सही राहिलेली म्हणून रिक्षा करून ते शोधत आले होते आणि बराच वेळ दारात उभे होते. गौरजाला वाटलं, आता सगळंच संपलं. ते आत आले, भिंतीपुढे उभे राहिले आणि वरच्या ओळीतल्या पापलेटापासून सुरुवात करून एकेक मासा बघत, नावं वाचत, आठव्यापाशी पोचले. तिथे ते बराच वेळ थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मग ते टेबलाशी बसले, खिशातला कागद काढून पालथा केला आणि कोर्टातल्या वळणाने लिहू लागले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं: “सदर मासा आजमितीस प्रस्तुत भिंतीखेरीज अन्यत्र कोठेही आढळून आलेला नाही.”

“मी ‘अस्तित्वात नाही’ असं म्हणणार होतो,” साहेब म्हणाले.

“तसं लिहू नये. समुद्र मोठा आहे. उद्या सापडला तर तुमच्यावर येईल.”

साहेबांना हे एकदम पटलं. गौरजाने सही केली, शंकरकाकांनी साक्षीदार म्हणून केली आणि कागद साहेबांच्या बॅगेत गेला. तेव्हा कुठे गौरजाच्या लक्षात आलं.

“बाबा, तो पतपेढीचो अर्ज होतो.”

“दुसरो कागद नव्हतो,” हरिश्चंद्र म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

तोवर प्रीतम तिच्याजवळ आला होता. मागे बाकीचे पाच. “आमका भिंत व्हयी,” तो म्हणाला. “सात मासे खंयचेय काढ. पण आठवी हीच. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येवक व्हया.”

सहा भिंती. गौरजाला रडू येईल असं वाटलं. जुन्या सवयीने ‘तुमका काय द्यावचा ता द्या’ हे वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि तिने ते परत गिळलं.

“ही शंकरकाकांची,” ती म्हणाली.  “तुमका प्रत्येकाक वेगळी काढून देतलंय. दुसऱ्या कोणाकडे तशी नसतली. पण अर्धे पैसे आधी. आणि खाली मोठ्या अक्षरांत लिवतलंय, हो मासो फक्त भिंतीवर गावता.”

“ता लिव. कोण विश्वास ठेवता?” प्रीतम म्हणाला आणि पाकिटाला हात घातला. बाकीचे पाच आपली भिंत आधी व्हावी म्हणून एकमेकांशी भांडू लागले. हरिश्चंद्र त्यांना रांगेत उभं करून, कोर्टातल्यासारख्या तारखा देऊ लागले.

एवढ्यात सुगंधा साहेबांसाठी जेवणाचं पान घेऊन आली. “जेवून जावा, साहेब. काय वाढू? सुरमई आसा, बांगडो आसा.”

साहेबांनी हात धुतले, बाह्या सावरल्या आणि भिंतीकडे एक नजर टाकली. मग दाराकडे बघून, आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, “ते कागदावरचं कागदावर राहू द्या. एखादा तुकडा शिल्लक असेल तर बघा ना.”

सुगंधाने गौरजाकडे पाहिलं. गौरजाने वडिलांकडे पाहिलं. हरिश्चंद्रांनी तारखांच्या यादीतून मान वर केली, चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि शांतपणे म्हणाले, “चांगला माल इथे कुठे राहतो, साहेब. पहाटेच सगळा गोव्याला जातो.”