आप्पांचं आठवड्याचं क्रियापद

दर सोमवारी सकाळी हिलाल आप्पा नंदुरबार स्टेशनवर उभे राहायचे. कोणाला आणायला नाही, सोडायला नाही. गाडीतून पुस्तकांची पिशवी घेतलेलं पहिलं पोर उतरलं, की त्याला अडवायचे. "बेटा, एक इंग्रजी क्रियापद दे. अर्थ बी सांग."

पोर घाबरून 'कम' नाहीतर 'गो' द्यायचं. "ते शे मन्हाकडे. दुसरं दाखव." किडकी वांगी परत करावीत तसं ते परत करायचे.

मिरची वाळवायच्या मैदानाला आमच्याकडे पथारी म्हणतात. आमच्या पथाऱ्या शेजारी शेजारी होत्या. मी हातगाडी ओढत ओढत पथारीचा मालक झालेला. आप्पा त्यांची बायको, आमची काकू, वारल्यावर कोरीट गावची शेती बटाईने देऊन इथे आलेले. त्यांचा नियम साधा. अर्थ पोराने सांगायचा, वापर आप्पांनी आठवडाभर करायचा. "नाम बठी ऱ्हास भो, क्रियापद काम करस."

'पुश'च्या आठवड्यात त्यांनी बाजारातली एकही रिक्षा न ढकलता सोडली नाही. काही तर चालू होत्या. 'रिफ्यूज'च्या आठवड्यात नेमकं लग्न आलं. पंगतीत जिलेबी फिरत राहिली. आप्पांचे डोळे भरले, पण ताटावर आडवा धरलेला हात हलला नाही.

इथवर मला गंमत वाटायची. मग 'अ‍ॅग्री'चा आठवडा आला.

त्या दिवशी माझा हंगामातला सगळ्यात मोठा सौदा चालला होता. गुजरातचा व्यापारी भाव वाढवेना, मी खाली येईना. शेवटी मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. चपला घातल्या आणि चालू लागलो. तो हाक मारणार होता. तोंड उघडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात बाजूच्या खाटेवरून आवाज आला, "आय अ‍ॅग्री!"

"लो, आप्पा तो मान गए!" व्यापाऱ्याने माझा हात ओढून टाळी दिली. वडीलधाऱ्याने दिलेला होकार आमच्या पथारीवर कोणी मोडत नाही. सौदा त्याच्या भावाने झाला. मी आप्पांना जे बोललो ते छापण्यासारखं नाही. ते एवढंच म्हणाले, "आठवडाच तो व्हता ना भो!"

मी बोलणं बंद केलं. मिरची तिखटाच्या गिरणीत गेली, पुढचा माल आला, तरी बंद. दुपारचा चहाही वेगळा.

मग एका सोमवारी त्यांना 'अपॉलजाइज' मिळालं. मी मनात म्हटलं, आता येतील. आप्पांनी रिक्षावाल्याची माफी मागितली, न्हाव्याची मागितली, मिरचीवरून हाकललेल्या बकरीचीसुद्धा मागितली. माझ्या पथारीसमोरून मात्र मान खाली घालून जायचे. बकरीला माफी आणि मला नाही! माझं डोकं आणखी तापलं.

आठवडा संपला. पुढच्या सोमवारी आप्पा स्टेशनवर गेलेच नाहीत. दुपारी माझ्या पथारीच्या कडेला चपला काढून उभे राहिले.

"मन्हं चुकनं, भो."

"इंग्रजीत म्हना ना," मी खेकसलो. "बकरीले म्हटलं तसं!"

"ते सरावनं व्हतं. तुन्हासंगे सराव कसा करू? तुन्हाकरता घरना शब्द लई उनू."

मी मिरच्या उलटत राहिलो. ते उभेच होते. हळूच म्हणाले, "तुन्ही काकू गई तधळपासून घर मुकं शे. टेबल, खुर्ची तं एकला माणूस बी म्हनी लेस. अ‍ॅग्री कोनले म्हनू? समोर कोनी तरी लागस ना!"

आता आप्पा सुरतला मुलाकडे असतात. त्यांची खाट माझ्या पथारीवर आहे. त्या सौद्याचं मला अजून खुपतं, आणि तो व्यापारी भेटला तर मी त्याला सोडणार नाही. पण त्या दुपारचं सांगतो. समोरच्याचा पहिला शब्द मी आयुष्यात कधी मान्य केलेला नाही. चपला घालून निघायची सवय पायांना इतकी, की त्या दिवशीही पाय चपलांकडे वळले. चपला तशाच राहू दिल्या. खाटेवर बसलो, सरकून आप्पांना जागा केली, दोन चहा सांगितले आणि म्हणालो,

"आय अ‍ॅग्री."