एर्मिनियाबाईंचे गोळे

"एकटी?"

जेनोआत आल्यापासून हा प्रश्न एर्मिनियाबाईंना औषधवाल्यानं विचारला, फोकाच्चा पाव विकणारीनं विचारला, जिन्यात भेटलेल्या अनोळखी म्हातारीनंही थांबून विचारला. नणंद इल्दे तर प्रत्येक घासामागे विचारत होती.

"एकटी नाही तर काय? तुझ्या भावाला आयुष्यभर चल म्हणत होते."

भाऊ म्हणजे बाईंचे दिवंगत यजमान, एत्तोरे. जहाजाचं नुसतं नाव काढलं तरी त्यांना क्रेमोनातल्या घरात, खुर्चीत बसल्या जागी मळमळायचं. ते गेल्यावर बाईंनी दोन वर्षं काळे कपडे घातले आणि मग भूमध्य समुद्रातल्या क्रूझचं तिकीट काढलं. जहाज जेनोआहून सुटणार होतं, म्हणून आधी चार दिवस नणंदेकडे मुक्काम ठोकला होता.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंच्या बॅगेचं चाक निखळलं. इल्देनं माळ्यावरची बॅग काढून दिली. "बाचिच्चाच्या बॅगेची जोडी आहे. एकावर एक फुकट मिळाली होती."

बाचिच्चा हा इल्देचा नवरा. दुसऱ्या दिवशी त्याची साव्होनाला बोच्चेची स्पर्धा होती. धातूचे गोळे टाकण्याचा हा खेळ तो इतक्या निष्ठेनं खेळायचा की स्वतःच्या लग्नालाही मैदानावरून आला होता. सकाळी तो दारातली एक बॅग उचलून धावत सुटला. उरलेली टॅक्सीत चढवताना टॅक्सीवाल्याच्या कमरेत कळ आली.

"सिन्योरा, संगमरवर नेताय का?"

"चार झगे आणि चपला," बाई ऐटीत म्हणाल्या.

बंदरावर बॅग तपासणीच्या यंत्रात गेली आणि यंत्र थांबलं. पाठोपाठ एक जाड मिश्यांचा अधिकारी आला. त्यानं बाईंना बाजूला नेलं आणि बॅग उघडली. आत आठ लखलखीत गोळे, निळ्या शर्टांचा गठ्ठा आणि वापरलेले मोजे.

"ही बॅग तुमचीच ना?"

बाईंच्या तोंडून "नाही" निघणारच होतं, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "नसेल तर पोलिसांना बोलवावं लागेल. जबानी, पंचनामा... जहाज काही थांबायचं नाही."

खिडकीतून जहाज दिसत होतं. पांढरंशुभ्र, अख्ख्या रस्त्याएवढं लांब.

"माझीच," बाई म्हणाल्या.

"आणि हे?"

"मी बोच्चे खेळते."

"हे मोजे घालून?"

"सरावाला."

त्याच क्षणी फोन वाजला. बाचिच्चाचा आवाज पार पलीकडच्या रांगेपर्यंत गेला. "एर्मिनिया! माझे गोळे कुठायत? इथे सगळ्या संघासमोर बॅग उघडली गं, आणि तुझे... तुझे आतले कपडे निघाले! फुलाफुलांचे!"

अधिकाऱ्याची एक भुवई वर गेली.

"बाचिच्चा," बाई ठणकावून म्हणाल्या, "माझे गोळे माझ्याजवळ आहेत. तू तुझं बघ!" आणि फोन ठेवून दिला.

अधिकारी हळूच म्हणाला, "प्रतिस्पर्धी?"

"फार वर्षांपासूनचा," बाई म्हणाल्या. आता मागे फिरायची सोयच नव्हती.

अधिकाऱ्यानं गोळे जहाजावर जमा करून घेतले आणि बाईंना कौतुकानं सलाम ठोकला. एवढ्यावर भागलं असतं, पण जहाजावर करमणुकीची जबाबदारी सांभाळणारा तरुण त्याचा भाचा निघाला. जहाज सुटतं न सुटतं तोच ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली, की आपल्यात एक बोच्चेपटू आहेत, आणि त्या संध्याकाळी वरच्या डेकवर सर्वांना शिकवतील.

बाईंकडे कोरडे कपडे म्हणाल तर एकच पर्याय होता, कारण अंगातल्या झग्यावर घाबरगुंडीत कॉफी सांडली होती. त्यांनी बाचिच्चाचा निळा शर्ट चढवला. तो गुडघ्यापर्यंत आला. डेकवर चाळीसेक माणसं वाट बघत होती. त्यांना पाहून बाईंना एत्तोरेंचं घरी बसणं पहिल्यांदाच पटलं.

"मंडळी, खरं सांगते, मला खेळता येत नाही," त्या म्हणाल्या.

"खरे खेळाडू असंच बोलतात," तोरिनोची एक जाडगेली बाई म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी डोळे मिटून जहाजावरचा प्लास्टिकचा गोळा टाकला. तो भलतीकडेच निघाला. तेवढ्यात जहाज किंचित कललं, गोळा वळला आणि ज्यावर नेम धरायचा त्या छोट्या गोळ्याला नेमका जाऊन टेकला.

त्या रात्री जेवणाला बाईंच्या टेबलावर खुर्च्या कमी पडल्या.

दुसऱ्या दिवशी मार्सेय बंदर लागलं आणि इल्देचा फोन आला. बाचिच्चाचा संघ उसन्या गोळ्यांनी खेळला होता आणि पहिल्याच फेरीत बाद झाला होता.

"कालपासून तोंड पाडून बसलाय. मी ताप काढतेय, त्याचं त्याला सोयरसुतक नाही. नुसतं गोळे, गोळे."

"ताप? अगं मग मी उतरते इथेच. गाडीनं येते."

"नको!" इल्दे एवढ्या जोरात ओरडली, की बाईंनी फोन कानापासून लांब धरला. मग तिचा आवाज एकदम खाली गेला, बहुतेक बाचिच्चा खोलीत आला असावा. "ताप उतरलाय. तू उतरू नकोस. मला एवढंच सांग, तिथल्या खोलीला आतून कडी असते?"

"असते की."

"मग पुढच्या वेळी तशा दोन खोल्या काढ," इल्दे कुजबुजली. "दोन माणसांची एक नव्हे हं. एकेकीची एकेक."